विधानसभेच्या उमेदवाराला काय विचारायचं, आणि उत्तर कसं पारखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधानसभेची निवडणूक जवळ आली की आमच्या मतदार-बैठकांत आणि फोनवर तेच ते प्रश्न येतात. एकाला शंभरदा उत्तर देण्यापेक्षा ते एका जागी लिहून ठेवलेले बरे, म्हणून हे पान. कोणाला मत द्या हे इथे सांगितलेलं नाही. उमेदवार जे बोलतो त्यातलं किती त्याच्या हातात आहे, हे ओळखता यावं एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. प्रश्न लोकांनी विचारले त्याच भाषेत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमदाराच्या हातात असतं तरी काय? सगळं तर दिल्लीत नाहीतर मंत्रालयात ठरतं.

आमदाराची कामं तीन. कायदे करणं, राज्याच्या अर्थसंकल्पाला मंजुरी देणं आणि सरकारला जाब विचारणं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन, दारू आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यसूचीतले विषय. शिक्षण, वनं आणि वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. दोघांच्या कायद्यांत विसंगती असेल तर सहसा केंद्राचा टिकतो. शिक्षण आणि वनं आधी राज्यांकडेच होती, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत गेली.

हे अधिकार कागदावरचे नाहीत. मागेल त्याला काम देणारा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७७ मध्ये केला. त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा ध्यास होता. देशाने तसा कायदा करायला २००५ उजाडलं. जादूटोणाविरोधी कायदा (२०१३) आणि दाखला ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा लोकसेवा हक्क कायदा (२०१५) हेही याच सभागृहातून आले. त्यामुळे ‘आमदार काय करणार’ असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं. त्या खुर्चीत बसून काय करता येतं हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

२. मग आमच्या गल्लीतलं गटार, नळाचं पाणी, कचरा हे उमेदवाराला विचारायचं नाही का?

विचारा, पण वेगळ्या पद्धतीने. गटार आणि कचरा हे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचं काम आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना स्वतःचं स्थान दिलं, मात्र त्यांना किती अधिकार आणि किती पैसा द्यायचा हे राज्य ठरवतं. म्हणून ‘माझ्या गल्लीतलं गटार कधी करणार’ हा नगरसेवकाला विचारायचा प्रश्न. ‘महाराष्ट्रातल्या महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या, निवडून आलेले लोक नव्हते, हे तुम्हाला मान्य होतं का? तेव्हा तुम्ही काय बोललात?’ हा आमदारकीच्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गडबडतात, असा माझा अनुभव आहे.

३. उमेदवाराची स्वतःची भूमिका कुठे वाचायला मिळते? हातात येतं ते पत्रक म्हणजे फोटो आणि चिन्ह.

पक्षाचा जाहीरनामा मिळतो, उमेदवाराचा सहसा मिळत नाही. तो द्यावा असं बंधनही नाही. म्हणून भूमिका गोळा करावी लागते. आधीची भाषणं, स्थानिक वर्तमानपत्रांतल्या मुलाखती आणि जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत असताना केलेलं मतदान यांतून ती दिसते. आमदार राहिलेला असेल तर सभागृहातलं कामकाज आहेच (प्रश्न १३). शिवाय शपथपत्र (प्रश्न ४).

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे दहा-पंधरा जणांनी मिळून पाच प्रश्न कागदावर लिहून सगळ्या उमेदवारांना एकसारखे देणं आणि लेखी उत्तर मागणं. तोंडी उत्तर सभा बदलली की बदलतं.

४. शपथपत्रात संपत्ती आणि गुन्हे असतात म्हणे. त्याचा धोरणांशी काय संबंध?

बराच आहे. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधल्या निकालांमुळे मतदाराला हा हक्क मिळाला. त्यात प्रलंबित गुन्हे, झालेली शिक्षा, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जं, सरकारी थकबाकी, प्राप्तिकर विवरणातलं पाच वर्षांचं उत्पन्न, शिक्षण आणि व्यवसाय असतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘केवायसी’ (‘नो युवर कॅन्डिडेट’, म्हणजे आपला उमेदवार जाणून घ्या) अ‍ॅपवर ते कोणालाही मोफत पाहता येतं.

आता धोरणाशी जोडून वाचा. खासगी शिक्षण संस्था चालवणारा उमेदवार फी-नियंत्रणावर काय बोलतो? साखर कारखान्यात ज्याचा हितसंबंध आहे तो उसाच्या थकीत बिलांवर काय बोलतो? शहराच्या हद्दीलगत बरीच जमीन असलेला उमेदवार विकास आराखड्याबद्दल काय म्हणतो? जमीन किंवा संस्था असणं हा गुन्हा नाही. पण हितसंबंध माहीत असले की बोलण्याचं वजन करता येतं.

गुन्ह्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. उमेदवारावर गुन्हे असतील तर त्याला ते प्रचारकाळात वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा जाहीर करावे लागतात. त्यालाच का निवडलं याची कारणं पक्षाला द्यावी लागतात, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढं कारण चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं. ती कारणं शोधून वाचाच. काही वेळा दहा उमेदवारांसाठी एकच परिच्छेद चिकटवलेला सापडतो.

शपथपत्रात खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

५. ‘कांद्याला भाव मिळवून देईन’, ‘हमीभाव वाढवीन’ असं प्रत्येक जण म्हणतो. आमदार हे करू शकतो का?

थेट नाही. किमान आधारभूत किंमत केंद्र सरकार जाहीर करतं, कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून. आयात-निर्यात केंद्राकडे आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. यातल्या एकाही निर्णयावर विधानसभेत मतदान झालं नाही. लासलगावच्या शेतकऱ्याचा संसार ज्या निर्णयांनी हलला ते दिल्लीत झाले.

मग राज्याच्या हातात काय? बरंच काही. बाजार समित्या १९६३ च्या राज्य कायद्यावर चालतात. त्यातला लिलाव, आडत, वजनकाटा, पैसे मिळण्याची मुदत हे सगळं राज्याचं. हमीभावाने खरेदीची केंद्रं कधी उघडतात आणि किती उघडतात, यात राज्याच्या यंत्रणेचा मोठा वाटा असतो. सोयाबीन घरात येऊन पडलेलं, बारदाना नाही म्हणून केंद्र बंद, हे दर हंगामात कुठे ना कुठे होतं. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं, पण १४ दिवसांत पैसे न देणाऱ्या कारखान्यावर जप्तीची कारवाई पुण्याच्या साखर आयुक्तालयातून सुरू होते. त्यामुळे ‘भाव देईन’ म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारा: खरेदी केंद्रं कोणत्या तारखेला उघडावीत यासाठी तुम्ही सभागृहात काय मागाल? बाजार समितीच्या कायद्यातलं कोणतं कलम बदलाल? ज्याला शेती कळते तो इथे दहा मिनिटं बोलतो.

६. आणि कर्जमाफी? ती तर राज्यच देतं ना?

हो, आणि महाराष्ट्राने ती दिलेली आहे. २०१७ च्या योजनेत दीड लाखांपर्यंत, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत दोन लाखांपर्यंत. म्हणजे ‘देता येईल का’ हा प्रश्नच नाही. प्रश्न तपशिलाचा आहे. कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी? पीककर्जच की मध्यम मुदतीचंही? मर्यादेच्या वर दहा हजार रुपये थकले तर तो माणूस पूर्ण बाहेर की तेवढी वरची रक्कम भरून आत? नियमित फेडणाऱ्याला काय? २०१९ नंतर नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम द्यायचं ठरलं, पण ती हातात पडायला २०२२ उजाडलं. आणि सावकाराकडून घेतलेल्या कर्जाचं काय, हे तर फार थोडे विचारतात. बँकेच्या दारात उभं राहण्याची ज्यांची ऐपत नाही, बटाईने कसणारे, सातबारावर नाव नसलेल्या बाया, यांच्यापर्यंत बँकेची कर्जमाफी पोचत नाही. त्यांच्यासाठी काय, हे उमेदवाराला विचारायलाच हवं.

७. मोफत वीज म्हणजे नक्की कोण भरतं?

राज्याची तिजोरी, म्हणजे आपण. वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आमदार किंवा मंत्री नव्हे. एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार राज्याने ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यायची असते. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना मोफत विजेची योजना आली, ती याच वाटेने. पैसे वेळेवर गेले नाहीत तर महावितरणची थकबाकी फुगते आणि तो बोजा फिरून दरवाढीच्या रूपाने येऊ शकतो. म्हणून उमेदवाराला ‘वीज मोफत देणार का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘दिवसा किती तास देणार’ हेही विचारा. रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला बिलाइतकीच वेळही महत्त्वाची असते.

८. महिन्याला पैसे देण्याच्या घोषणा: १,५००, २,१००, ३,०००. कोणावर विश्वास ठेवायचा?

आकडे आधी समोर ठेवू. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. पात्र महिलांना महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. त्याच वर्षीच्या निवडणुकीत महायुतीने २,१०० चं आणि महाविकास आघाडीने ३,००० चं आश्वासन दिलं. म्हणजे योजना हवी की नको यावर मतभेद नव्हता, फरक रकमेचा होता. सुरुवातीला वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी धरला होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली ३६ हजार कोटींची, एकूण सुमारे ७ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात.

माझं मत लपवत नाही: बाईच्या स्वतःच्या खात्यात येणारे पैसे ही मोठी गोष्ट आहे. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःच्या नावाचं पासबुक पाहिलं नव्हतं त्या बायकांशी मी बोलले आहे, आणि या योजनेला ‘रेवडी’ म्हणून हसणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण पैसे कुठून येणार हे विचारणं म्हणजे योजनेला विरोध करणं नव्हे. उमेदवाराला तीन गोष्टी विचारा. रक्कम वाढवणार असाल तर कोणता कर वाढवणार, किंवा कोणता खर्च कमी करणार? पात्रतेची छाननी निवडणुकीआधी करणार की नंतर? आणि अंगणवाडी सेविका, आशा यांचं मानधन याच तिजोरीतून जातं, ते वेळेवर देणार का?

जाहीरनाम्यातल्या आश्वासनामागचं कारण आणि ते पूर्ण करण्याचा आर्थिक मार्ग पक्षांनी ढोबळमानाने तरी सांगावा, असं निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत २०१४ पासून आहे. आश्वासन पाळलं नाही तर काय, ते प्रश्न १६ मध्ये.

९. आरक्षणावर उमेदवार गावात एक बोलतो आणि शेजारच्या गावात दुसरं. खरं काय ते कसं ओळखायचं?

आधी कोणाच्या हातात काय आहे ते पाहा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

अनुसूचित जातींची आणि जमातींची यादी (कलम ३४१ आणि ३४२) फक्त संसद बदलू शकते. म्हणून धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घेण्याचं वचन देणारा विधानसभेचा उमेदवार फार तर शिफारस करू शकतो. तो तसं स्पष्ट सांगतो का, हीच त्याची परीक्षा.

सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांची राज्याची स्वतःची यादी मात्र राज्य करू शकतं. २०२१ च्या १०५ व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार पक्का झाला. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली ५० टक्क्यांची मर्यादा आड येते. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा १६ टक्क्यांचा होता. उच्च न्यायालयाने तो शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणला, आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. २० फेब्रुवारी २०२४ ला विशेष अधिवेशनात १० टक्क्यांचा नवा कायदा एकमताने झाला. एकमताने, म्हणजे तेव्हाच्या कोणत्याही आमदाराला ‘मी विरोधात होतो’ किंवा ‘हे फक्त आम्हीच केलं’ असं म्हणता येत नाही.

दोन गावांत दोन भूमिका घेणाऱ्याला एकच प्रश्न लेखी द्या: कुणबी नोंदींवरून प्रमाणपत्रं देण्याच्या कार्यपद्धतीला तुमचा पाठिंबा आहे की नाही, आणि इतर मागासवर्गाच्या सध्याच्या वाट्यावर त्याचा परिणाम होईल असं तुम्हाला वाटतं का? हो किंवा नाही, आणि कारण. हा प्रश्न विचारताना दोन्ही बाजूंची माणसं एकाच सतरंजीवर बसलेली असावीत. आम्ही तसं केलं तेव्हा भाषा आपोआप सौम्य झाली, उमेदवाराचीही आणि आमचीही.

१०. शाळांबाबत राज्य काय ठरवतं? अभ्यासक्रम तर केंद्राचा येतोय.

शिक्षक भरती, शाळांचं समायोजन, खासगी शाळांची फी, बोलीभाषेतून शिकवणं, आश्रमशाळा हे सगळं राज्याकडे आहे. इथे लक्ष ठेवायची गोष्ट अशी की शिक्षणातले मोठे बदल बऱ्याचदा कायद्याने होत नाहीत, अधिसूचनेने किंवा शासन निर्णयाने होतात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती १९ जुलै २०२४ ला रद्द केली. मधल्या काळात पालकांनी जे भोगलं ते कोणी भरून दिलं नाही. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे एप्रिल आणि जून २०२५ चे शासन निर्णयही लोकांच्या विरोधानंतर २९ जून २०२५ ला मागे घेतले गेले.

उमेदवाराला विचारा: अशी अधिसूचना निघाली त्या आठवड्यात तुम्ही कुठे होतात? कमी पटाच्या शाळा बंद करायच्या की नाही? वाडीतली शाळा बंद झाली तर सातवीतली मुलगी कशी जाणार?

११. पाण्याच्या प्रश्नावर आमच्याकडचा उमेदवार एक बोलतो, त्याच पक्षाचा खालच्या जिल्ह्यातला दुसरं. हे कसं?

नदी एक, मतदारसंघ अनेक, म्हणून. गोदावरीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ मध्ये समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा नियम त्यातूनच आला. नाशिक-अहिल्यानगरचा उमेदवार त्याला अन्याय म्हणतो, मराठवाड्याचा हक्क. दोघांचा पक्ष एकच असू शकतो, म्हणून पक्षाची राज्य पातळीवरची भूमिका मागा. ‘दोन्हीकडे न्याय करू’ हे उत्तर होत नाही. टंचाईच्या वर्षी किती टक्के आणि कोणत्या महिन्यात, हे उत्तर.

याला जोडून अनुशेष, म्हणजे मागास भागांचा मागे राहिलेला विकास. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी कलम ३७१(२) खाली नेमलेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती पुन्हा हवीत का, हा मागास भागातल्या प्रत्येक उमेदवाराला विचारायचा प्रश्न आहे.

आलमट्टीसारखे आंतरराज्य वाद लवादाकडे आणि केंद्राकडे असतात. तिथे आमदाराचा आवाज दबावापुरता.

१२. दारूबंदी करीन म्हणणारा उमेदवार ती करू शकतो का?

जिल्ह्याची बंदी राज्य सरकार करतं. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली, म्हणजे एका सरकारचा निर्णय दुसरं बदलू शकतं. गावातलं किंवा प्रभागातलं दुकान बंद करायला मात्र आमदाराची वाट पाहायची गरज नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला (दुकान बंद करण्याच्या बाजूच्या चिन्हाला) मत दिलं की दुकान बंद होतं. झालेल्या मतदानातल्या नव्हे, यादीतल्या निम्म्याहून अधिक, इथेच अनेक गावं हरली आहेत. उमेदवार ही अट सोपी करायच्या बाजूचा आहे का, ते विचारा.

१३. सध्याचा आमदारच पुन्हा उभा आहे. त्याने पाच वर्षं काय केलं ते कसं शोधू?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाचे वृत्तान्त असतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा आणि अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेली) यांत नाव शोधा. नुसते आकडे मोजू नका. एकाच्या नावावर चारशे प्रश्न असतात, त्यातले कित्येक वीस जणांच्या सह्यांचे. दुसऱ्याचे तीसच, पण एका धरणाचा पाठपुरावा करणारे. मी दुसऱ्याला वर मानते.

समित्याही पाहा. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे आश्वासन समिती तपासते, आणि तिथे नेटाने काम करणारा आमदार टाळ्या न मिळवताही मोठं काम करतो.

अपवाद: आमदार मंत्री किंवा अध्यक्ष असेल तर त्याच्या नावावर प्रश्न दिसणार नाहीत, कारण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. त्याचं मोजमाप त्याच्या खात्यावरून करा.

१४. ‘मी एवढ्या कोटींची कामं आणली’ या फलकांचा अर्थ काय लावायचा?

आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात तो ४ वरून ५ वर गेला. फलकावर शेकडो कोटी असतील तर त्यात राज्याच्या, केंद्राच्या, जिल्हा नियोजनाच्या योजना धरलेल्या असतात. पाठपुरावा आमदाराने केलेलाही असेल. ‘मंजूर’, ‘निविदा निघाली’, ‘कार्यारंभ आदेश’ आणि ‘पूर्ण’ हे चार वेगळे टप्पे आहेत, तेवढं विचारून घ्या. कामाचा कागद माहितीच्या अधिकारात मिळतो.

१५. उमेदवार मनाने चांगला आहे, पण पक्षाची भूमिका उलटी आहे. सभागृहात तो कोणाचं ऐकेल?

मतदानात बहुधा पक्षाचं. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदीचा कायदा) पक्षादेश म्हणजे व्हिप मोडून मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण यालाही मर्यादा आहे. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की सदस्यत्व घालवणारा पक्षादेश विश्वास-अविश्वास ठरावापुरता, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली त्यापुरता असावा. बोलण्यावर, प्रश्न विचारण्यावर, अशासकीय विधेयक मांडण्यावर तर असा आदेश नसतोच. म्हणून ‘पक्ष सांगेल ते’ म्हणणाऱ्याला विचारा: मत पक्षाला द्या, पण भाषणात आमचं म्हणणं मांडाल का?

अपक्षाबाबत अपवाद आहे. निवडून आल्यावर तो कोणत्याही पक्षात गेला तर अपात्र ठरतो. सरकारला बाहेरून पाठिंबा मात्र देऊ शकतो. म्हणून अपक्षाला मतदानाआधीच विचारून ठेवा की त्रिशंकू स्थितीत तो कोणाच्या बाजूने उभा राहील. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात, तिथे चार-पाच अपक्षांनाही किंमत येते.

पक्षच फुटला तर काय, हा प्रश्न २०२२ नंतर फार येतो. पूर्वी एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण होतं, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढलं. आता दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणालाच आहे. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे असतो. मतदाराला विचारण्याची तरतूद यात कुठेच नाही, आणि हे मला फार खुपतं.

१६. आश्वासन मोडलं तर कोर्टात जाता येतं का?

त्यासाठी जाण्यासारखी वाट नाही. जाहीरनाम्यातली आश्वासनं हा लाच देण्याचा भ्रष्ट मार्ग ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात म्हटलं. आमदाराला परत बोलावण्याचीही सोय आपल्याकडे नाही. मतासाठी रोख रक्कम किंवा वस्तू वाटणं मात्र वेगळं, तो भ्रष्टाचार आहे आणि त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. त्याची तक्रार ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅपवर फोटोसह करता येते.

१७. वेगळ्या विदर्भावर उमेदवाराची भूमिका विचारण्यात अर्थ आहे का?

आहे, पण मर्यादा ओळखून. नवं राज्य कलम ३ खाली संसद करते. राष्ट्रपती ते विधेयक संबंधित विधानसभेकडे मत मागवायला पाठवतात, आणि ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. त्या दिवशी तुम्ही कोणत्या बाजूला हात वर कराल, एवढं उमेदवार नक्की सांगू शकतो.

१८. एकाही उमेदवाराने लेखी उत्तर दिलं नाही. मग ‘नोटा’ दाबायचं का?

आधी उत्तर न देणाऱ्यांची नावं गावात सांगा. मौनही भूमिकाच असते. कोणी टाळलं आणि कोणी निदान फोन उचलून दोन दिवस मागितले, यात फरक करा.

‘नोटा’ (म्हणजे यांपैकी कोणीही नाही) सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने आलं. त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी विधानसभेला पुढचा उमेदवारच विजयी होतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होतं, तरी निकालावर काही परिणाम झाला नाही. अनामत रकमेसाठी वैध मतांचा एक-षष्ठांश मोजतात तेव्हाही ‘नोटा’ची मतं धरत नाहीत.